सामान एकच, डाग पाच

पत्र:

"ताई, मला 'तू'च म्हणा, मी तेवीस वर्षांची आहे. माझं गाव पेठ तालुक्यात. शिक्षण सगळं मराठीतून, बी.कॉम. झालंय. गेले आठ महिने पंचवटीत, रामकुंडाच्या जवळ, एका लॉजच्या काउंटरवर काम करते. त्र्यंबकच्या पूजेला आलेली माणसं आमच्याकडे उतरतात, त्यात दक्षिणेकडची पुष्कळ. त्यांच्याशी इंग्रजीच बोलावं लागतं.

मागच्या महिन्यात एक कुटुंब खोली सोडून सामान आमच्याकडे ठेवून त्र्यंबकला गेलं. मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, 'युअर लगेजेस आर सेफ. प्लीज कलेक्ट देम.' संध्याकाळी आल्यावर त्यांच्या कॉलेजातल्या मुलाने तो मेसेज आईला मोठ्याने वाचून दाखवला आणि हसला. आमचे शेठ तिथेच होते. सगळ्यांसमोर मला म्हणाले, आधी इंग्रजी शीक, मग काउंटरवर बस. वर भिंतीवर मीच लिहून दिलेला बोर्ड आहे, 'कीप युअर लगेजेस हिअर अ‍ॅट युअर ओन रिस्क.' तोही चुकला म्हणाले. नवा करायचे पैसे पगारातून कापणार आहेत.

ताई, एकापेक्षा जास्त असलं की एस लावायचा, हे मी पाचवीपासून पाठ केलंय. समोर तीन बॅगा आणि एक खोकं होतं. मग लगेज एकच कसं? आता सिंहस्थ येतोय, गर्दी वाढणार. मला इंग्रजीत एक वाक्य बोलायची भीती वाटायला लागलीय."

— काउंटरवरची मुलगी, पंचवटी

प्रिय मुली,

उत्तर आधी देते, म्हणजे तुझा जीव खाली पडेल. 'लगेज'ला एस लागत नाही. तीन बॅगा असोत नाहीतर तीस, लगेज ते लगेजच. त्याच्यापुढे 'इज' येतं, 'आर' येत नाही. आणि पुढच्या वाक्यात त्याचा उल्लेख करायचा तर 'इट' म्हणायचं, 'देम' नाही. तुझा मेसेज असा हवा होता: 'युअर लगेज इज सेफ. प्लीज कलेक्ट इट.' मुळात चूक एकच झाली. एस लागला, म्हणून 'आर' आला, म्हणून 'देम' आला. पहिला डबा रुळावरून घसरला की मागचे जातातच.

आता 'का' ते सांगते, कारण तू विचारलंयस तेच आणि विचारायला हवं होतं तेही तेच. पाठ करून हे टिकत नाही. मी वीस-बावीस वर्षं संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घेतले. दुकानदार, रिक्षावाले, औषधांच्या कंपन्यांतून फिरणारी पोरं, नवऱ्याच्या बदलीमुळे परराज्यात निघालेल्या बायका, असे सगळे यायचे. 'या शब्दाला एस लावायचा नाही' अशी यादी मी सुरुवातीला फळ्यावर लिहून द्यायचे. सगळे ती उतरवून घ्यायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा 'लगेजेस' म्हणायचे. यादीचा उपयोग होत नाही हे मला उशिरा कळलं. उपयोग झाला तो एसटीतल्या कंडक्टरचा.

पेठहून नाशिकला येणाऱ्या गाडीत तू लहानपणापासून बसतेस. करंजाळीला गाडी भरते. दाराशी कुणाचं तांदळाचं पोतं, त्याला टेकवलेली टोपली, वर एक पिशवी, शेजारी कुणाची तरी पत्र्याची पेटी. कंडक्टर तिकिटं फाडत दारापाशी येतो, पाय अडखळतो आणि ओरडतो, "हे लगेज कुणाचं?" पाच वस्तू आहेत, तीन माणसांच्या आहेत, तरी तो 'हे लगेज' म्हणतो आणि 'कुणाचं' विचारतो. 'ही लगेजं कुणाची' असं तू जन्मात ऐकलं नसशील. 'लगेज'च्या जागी आपला शब्द घातलास तरी तेच. 'सामान कुठे ठेवलंस?' 'सामान आलं का?' घर बदलताना टेम्पो भरून कपाटं, गाद्या, भांडी निघतात, तरी आपण 'सामान निघालं' असंच म्हणतो. 'सामानं निघाली' असं कुणाच्या तोंडी येत नाही.

म्हणजे बघ, जे तुला इंग्रजीत शिकायचंय ते मराठीत तुझ्या जिभेवर आधीच आहे. सामान ही एक वस्तू नसते, ती रास असते. राशीला एकच वचन. रास मोठी झाली तरी तिच्या दोन राशी होत नाहीत, ती नुसती मोठी होते. गर्दीचंच घे. पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर लाखो माणसं असतात, तरी 'गर्दी झाली' असंच आपण म्हणतो. माणसं मोजता येतात, गर्दी मोजता येत नाही. तसंच बॅगा मोजता येतात, लगेज मोजता येत नाही. शाळेत तुला शिकवलेला नियम खोटा नव्हता. पण तो मोजायच्या वस्तूंचा नियम होता. राशीचा नियम राहून गेला.

मग रास मोजायची असेल तर काय करायचं? तेही आपल्याकडे आहे. माझे वडील नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्टी, म्हणजे पाठवायच्या मालाची पावती, लिहायला होते. मी शाळेतून येताना त्यांचा डबा घेऊन जायचे आणि ते मोकळे होईपर्यंत बाकावर बसून बघत राहायचे. निळा कार्बन, खाली तीन कागद, आणि पेन इतकं दाबून लिहायचे की शेवटच्या प्रतीवरही अक्षर उमटायचं. बिल्टीवर एक रकाना 'नग' असा असायचा आणि शेजारचा मालाच्या वर्णनाचा. कुणी घरसामान पाठवायला आलं की वडील विचारायचे, "किती नग?" समोरचा बोटांवर मोजायचा. मग नगाच्या रकान्यात सात आणि वर्णनात 'घरसामान'. आकडा नगाला लागायचा, सामानाला कधीच नाही. हमाल मंडळी त्यालाच 'डाग' म्हणायची. "पाच डाग आहेत, एक राहिला खाली." माझी आजी तर यात्रेला निघताना गाडीत बसल्या बसल्या डाग मोजायची. वळकटी, ट्रंक, फिरकीचा तांब्या, फराळाचा डबा. प्रत्येक स्टेशनावर पुन्हा मोजायची.

इंग्रजीत या नगाला 'पीस' म्हणतात. 'थ्री पीसेस ऑफ लगेज', म्हणजे सामानाचे तीन नग. एस कुठे लागला बघ. पीसला लागला, लगेजला नाही. अगदी वडिलांच्या बिल्टीसारखं: आकडा आणि अनेकवचन नगाच्या रकान्यात, सामान शेजारी जसंच्या तसं.

या शब्दाचं मूळही सांगून ठेवते, लक्षात राहायला सोपं जातं. इंग्रजीत 'लग' म्हणजे जड वस्तू ओढत, फरफटत नेणं. त्यावरून 'लगेज'. जे जे ओढत न्यावं लागतं ते सगळं मिळून लगेज. त्यात बॅग आली, खोकं आलं, पूजेच्या साहित्याची पिशवी आली. 'सगळं मिळून' हा अर्थ शब्दातच आहे, त्यामुळे वेगळा एस लावायला जागाच उरत नाही.

आता तुझ्या काउंटरवर येऊ. सकाळी सात वाजता नाशिकरोडहून रिक्षा करून माणसं येतात, खोली बाराला मिळणार असते, त्यांना सामान ठेवून दर्शनाला जायचं असतं. तू त्यांना काय विचारशील? व्याकरणाने बरोबर असलेलं वाक्य आहे, 'हाऊ मच लगेज डू यू हॅव?' मच, मेनी नाही, कारण रास आहे. पण माझं ऐकशील तर काउंटरवर हे वाक्य वापरूच नकोस. त्याचं उत्तर 'नॉट मच' असं येतं आणि तुझ्या हाती काहीच लागत नाही. तुला आकडा हवाय. आकडा हवा असेल तर मोजायच्या वस्तूचं नाव घे: 'हाऊ मेनी बॅग्ज?' इथे मेनी, आणि इथे एस हवाच. मग त्यांच्यासमोर बोट लावून मोज, 'थ्री बॅग्ज अँड वन बॉक्स', आणि रजिस्टरात लिही. रजिस्टरात नगाचा रकाना नसेल तर आजच पट्टीने आखून घे. सिंहस्थात तीसेक खोल्यांचं सामान एका खोलीत येईल तेव्हा 'लगेज दिलं' एवढ्याच नोंदीवरून भांडणं होतील. नगांचा आकडा आणि त्याच्यापुढे पाहुण्याची सही असली की कुणी 'आमची एक पिशवी कमी आहे' म्हणालं तर पान उघडून दाखवता येतं.

'पीसेस ऑफ लगेज' हे पावतीवर, नोंदीत शोभतं. बोलताना ते जरा ताठ वाटतं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही समोरासमोर सरळ 'बॅग्ज' म्हणतात.

एकाच बॅगेचं असेल तर 'अ लगेज' म्हणू नकोस. 'अ' म्हणजे एक, आणि राशीला एक लागत नाही तसा 'अ' पण लागत नाही. 'यू लेफ्ट अ बॅग इन द रूम' असं म्हण. पुष्कळ असेल तर 'अ लॉट ऑफ लगेज', थोडं असेल तर 'अ लिट्ल लगेज'. कमी असेल तर 'लेस लगेज', आणि हे तुला शोधायला लांब जायला नको. 'लेस लगेज, मोअर कम्फर्ट' हे रेल्वेचं जुनं घोषवाक्य आहे, डब्यांमधून लिहिलेलं असायचं. वाक्य मनात बसलं की 'लेस' आणि 'लगेज' दोन्ही एकदमच बसतात. रेल्वे फुकट न्यायच्या सामानाची मर्यादाही किलोत सांगते: स्लीपरला ४०, सेकंड क्लासला ३५, एसी फर्स्टला ७०. जे किलोत सांगायचं, पोत्यात भरायचं किंवा लिटरमध्ये ओतायचं, त्याला इंग्रजीत बहुतेक वेळा एस लागत नाही. तांदूळ, साखर, दूध, पाणी, लगेज. बहुतेक वेळा म्हणतेय, कारण कांदे आणि द्राक्षंही किलोनेच विकली जातात आणि इंग्रजीत त्यांना एस लागतो: अनियन्स, ग्रेप्स. कांदा हातात एकेक धरता येतो, घडातला मणी एकेक तोडता येतो. म्हणून किलोपेक्षा 'एकेक धरता येतं का' हाच सवाल खरा.

सामान ठेवायच्या खोलीला आपल्याकडे सर्रास 'क्लॉक रूम' म्हणतात. तो शब्द 'क्लोक रूम' आहे. क्लोक म्हणजे अंगावर घ्यायचा सैल झगा. थंडीच्या देशात नाटकगृहात शिरताना तो बाहेर काढून ठेवायची ती खोली. पुढे रेल्वेत तोच शब्द सामानाच्या खोलीला लागला. घड्याळाचा आणि तिचा संबंध नाही. लॉजच्या त्या खोलीवर पाटी लावायची वेळ आली तर तू 'लगेज रूम' असं लिही, सगळ्यांना कळतं. इंग्लंडमधला पाहुणा कधी आलाच तर तो 'लेफ्ट लगेज' विचारेल, म्हणजे ठेवून जायचं सामान. तिथेही एस नाही. विमानतळावर 'बॅगेज' लिहिलेलं असतं, तो लगेजचा सख्खा भाऊ. त्यालाही एस लागत नाही.

एक शब्द मात्र उलटा आहे आणि तुला रोज लागणार आहे: 'बिलाँगिंग्ज'. म्हणजे पाहुण्याच्या मालकीच्या वस्तू. तो नेहमी एससकटच येतो आणि त्याच्यासोबत 'आर'. 'युअर लगेज इज हिअर', पण 'युअर बिलाँगिंग्ज आर हिअर'. वस्तू त्याच, खोली तीच, शब्द बदलला की क्रियापद बदललं. म्हणूनच म्हणते, समोर किती वस्तू आहेत हे बघून एस लावू नकोस. शब्दाकडे बघ. त्या दिवशी तू समोरच्या तीन बॅगा आणि खोकं मोजलंस आणि तो आकडा शब्दाला लावलास. चूक नेमकी तिथे झाली, आणि तशी चूक लक्ष देऊन विचार करणाऱ्याकडूनच होते.

इथे एक गोष्ट बजावून सांगते, नाहीतर तू सगळीकडे मराठीवरून अंदाज बांधशील आणि पुन्हा फसशील. मराठीची रास आणि इंग्रजीची रास दर वेळी जुळत नाही. 'सामान' जुळलं. 'माहिती' जुळते: आपण 'माहित्या' म्हणत नाही, इंग्रजीतही 'इन्फर्मेशन'ला एस नाही. 'फर्निचर' तर आपण जसंच्या तसं उचललंय, 'फर्निचर नवीन आहे' म्हणतो, तिथेही एकवचनच. पण 'सल्ला' बघ. मराठीत मी तुला दोन सल्ले देऊ शकते. इंग्रजीत 'अ‍ॅडव्हाइस' ही रास आहे, दोन देता येत नाहीत, 'सम अ‍ॅडव्हाइस' किंवा 'टू पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस' म्हणावं लागतं. 'बातमी'चंही तसंच. आपल्या बातम्या अनेक असतात. इंग्रजीत 'न्यूज'च्या शेवटी एस दिसतो म्हणून 'न्यूज आर' लिहिणारी शिकलेली माणसं मी पाहिली आहेत. तो एस अनेकवचनाचा नाही, शब्दाचा भागच आहे. 'द न्यूज इज गुड.'

आणि केस. मराठीत 'केस पांढरे झाले', अनेकवचन. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे मिळून 'हेअर', एकवचन: 'हर हेअर इज लाँग'. पण सुटा एक केस मोजता येतो. उशीवर केस दिसला म्हणून पाहुणी तक्रार करायला आली तर ती 'देअर इज अ हेअर ऑन द पिलो' म्हणेल आणि ते बरोबरच आहे. दोन दिसले तर 'टू हेअर्स' म्हणेल, तेही बरोबर. तेव्हा 'हिचं इंग्रजी चुकलं' असं मनात आणू नकोस, चादर बदलायला पाठव.

चहाचंही असंच. चहा पातळ, रास, एस नको. पण खोलीतून फोन येतो, 'टू टीज अँड वन कॉफी, प्लीज', आणि तेही योग्य आहे, कारण त्यात 'कप' गृहीत धरलेला असतो. आपणही 'दोन चहा' म्हणतोच की. खाण्यापिण्याच्या पदार्थांना ही सवलत आहे. लगेजला ती मिळालेली नाही.

तू विचारलं नाहीस तरी तुझ्या मेसेजमधला आणखी एक शब्द मी हेरला. पत्राच्या पुरवणीत तू चिकटवलेल्या दुसऱ्या मेसेजात 'अवर स्टाफ्स विल हेल्प यू' आहे. स्टाफ म्हणजे लॉजवरची सगळी माणसं मिळून. त्याला एस नको, 'अवर स्टाफ विल हेल्प यू'. दोघांना पाठवणार असशील तर 'टू ऑफ अवर स्टाफ' किंवा सरळ 'टू पीपल'. बाकी मेसेज मी दोनदा वाचले. वेळा, खोलीचा नंबर, त्र्यंबकच्या गाडीची सोय, सगळं स्वच्छ, नेमकं लिहिलंयस. ज्याला वाचायचं आहे त्याला एका वाचनात कळतं. हे आठ महिन्यांत स्वतःचं स्वतः शिकलीस, याची मला फार किंमत वाटते.

शब्दाबद्दल शंका आली तर विचारायला माणूस शोधत बसू नकोस. शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी शब्दकोश उघड, फोनवर फुकट मिळतो. शब्दापुढे 'नाऊन' लिहिलेलं असतं आणि त्याच्या शेजारी चौकटी कंसात एक अक्षर: 'सी' किंवा 'यू'. सी म्हणजे काउंटेबल, मोजता येणारा. यू म्हणजे अनकाउंटेबल, रास. 'बॅग' उघडलंस तर सी दिसेल, 'लगेज' उघडलंस तर यू. काही शब्दांपुढे दोन्ही असतात, हेअरसारखे, मग खालची उदाहरणं वाचायची. छापील कोश चाळायला आवडत असेल तर आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय आहेच, १८४० पासून उभं आहे. सुट्टीच्या दिवशी तासभर जाऊन बस. माझ्या वर्गातल्या पोरांना मी रोज पाच शब्दांपुढचं अक्षर बघून यायला सांगायचे. महिन्याभरात त्यांना अंदाज यायला लागायचा. नाशिकरोड स्टेशनवर रिक्षा लावणारा एक विद्यार्थी 'हाऊ मेनी लगेज' विचारायचा. त्याने तेवढ्या एका वाक्यात बदल केला, 'हाऊ मेनी बॅग्ज', आणि मला म्हणाला, "मॅडम, आता प्रवासी लगेच आकडा सांगतो, मला भाडं सांगायला सोपं पडतं."

'लगेजेस' आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी ऐकू येतं. ऐकणाऱ्याला कळतं, काम अडत नाही. आणि भाषा बदलतेही. इंग्रजीत टपालाला 'मेल' म्हणतात, ती रास, तिला एस नाही. त्यावरूनच 'ईमेल' आला, आणि आज 'थ्री ईमेल्स' सगळे लिहितात, कोशातही आहे. उद्या लगेजलाही एस लागेल का, ते वापरणारी माणसं ठरवतील. पण आज प्रमाण इंग्रजीत तो नाही, आणि भिंतीवरची पाटी वर्षानुवर्षं राहते, म्हणून तुला आजचंच शिकवते.

आता त्या संध्याकाळबद्दल. तो मुलगा हसला ते वाईटच केलं. त्याच्या घरच्यांचं सामान तू दिवसभर सांभाळलंस, न मागता निरोप पाठवलास आणि त्याला त्यात एक एस दिसला. तुझ्या मनाला लागलं ते साहजिक आहे. पण इंग्रजी ना त्याची मातृभाषा ना तुझी. दोघेही शाळेत शिकलेली भाषा बोलत होतात, त्याला शिकवणारं कुणी थोडं आधी भेटलं इतकंच. पुन्हा कुणी दुरुस्त केलं, हसून किंवा न हसता, तर 'थँक यू, युअर लगेज' म्हणून बरोबर शब्द तिथल्या तिथे उच्चार आणि पुढचं बोल. माफी मागत बसायचं कारण नाही. एकदा तोंडातून बरोबर निघालेला शब्द दहा वेळा वाचलेल्या शब्दापेक्षा पक्का होतो, हे मी वर्गात शेकडो वेळा बघितलंय.

शेठचं वागणं मला जास्त खटकलं. पाहुण्यासमोर आपल्या माणसाला बोलायचं नसतं, आणि हे त्यांना सांगायला हवं. सकाळी गर्दी नसताना, ते एकटे असताना सांग. आवाज चढवायचा नाही आणि रडायचंही नाही. "शेठ, माझा शब्द चुकला होता, तो मी शोधून काढला. पण काही सांगायचं असेल तर आत बोलावून सांगा. पाहुण्यांसमोर बोललात तर ते माझं ऐकायचे बंद होतात, आणि काउंटर मलाच सांभाळायचाय." एवढंच. जे शेठ आठ महिने काउंटर तुझ्यावर सोडून जातात, ते हे ऐकून घेतील असं मला वाटतं. नाही घेतलं, तरी तू म्हणालीस हे त्यांच्या लक्षात राहील. आणि इंग्रजी मेसेज लिहिणं थांबवू नकोस. भीतीने थांबलीस तर सिंहस्थापर्यंत हाताला आलेलं वळण जाईल. शेवटचा सिंहस्थ २०१५ मध्ये झाला तेव्हा तू शाळेत होतीस. २०२७ मध्ये त्या गर्दीला तोंड देणारी तू असशील.

राहता राहिला बोर्ड. पगार कापायचा विषय आला तर स्पष्ट सांग की मजकूर तुझा होता, पण छापायला देण्याआधी तो त्यांनीही बघायला हवा होता. पण मला वाटतं विषय तिथवर जाणारच नाही, कारण नवा बोर्ड करायची गरजच नाही. तू लिहिलेलं वाक्य पुन्हा वाच: 'कीप युअर लगेजेस हिअर अ‍ॅट युअर ओन रिस्क.' त्यात 'आर' नाही, 'देम' नाही. 'अ‍ॅट युअर ओन रिस्क' अगदी बरोबर आहे. जास्तीचं अक्षर एकच, शेवटचा एस. गाड्यांच्या नंबरप्लेटी करणारा रेडियमवाला गाठ, बोर्डाच्या मागच्या रंगाची बोटभर पट्टी कापून घे आणि त्या एसवर चिकटव. चिकटवायच्या आधी उरलेली अक्षरं मात्र मोजून बघ. एल, यू, जी, जी, ए, जी, ई. जी तीन हवेत, पहिले दोन लागून.

तुझी,
ताई